हनुवटी रोपण

हनुवटी रोपण ही लहान किंवा मागे गेलेल्या हनुवटीला उठाव देण्यासाठी केली जाणारी प्लास्टिक शस्त्रक्रिया आहे. तीत खालच्या जबड्याच्या हाडापुढे घन सिलिकोन, सच्छिद्र पॉलिएथिलीन किंवा तत्सम पदार्थाचा घडीव तुकडा (इम्प्लांट) बसवतात. या शस्त्रक्रियेला ‘प्रत्यारोपण’ म्हणणे सदोष ठरते. तो शब्द मूत्रपिंडासारख्या सजीव अवयवासाठी रूढ आहे. येथे बसवली जाणारी वस्तू निर्जीव असते.

== निदान ==
केवळ हनुवटी लहान असणे आणि संपूर्ण खालचा जबडाच मागे असणे या भिन्न अवस्था आहेत, परंतु बाजूने पाहता दोन्ही सारख्याच दिसतात. पहिलीत वरच्या-खालच्या दातांची जुळणी सहसा ठीक असते. दुसरीत वरचे दात खालच्यांच्या बरेच पुढे येतात. दुसऱ्या अवस्थेत केवळ रोपण केल्यास चेहऱ्याची बाह्यरेषा सुधारते, पण दातांची जुळणी तशीच राहते. आखूड जबड्यामुळे झोपेत श्वास अडत असल्यास तो विकारही कायम राहतो. अशा रुग्णास जबडा पुढे आणणारी शस्त्रक्रिया लागते. म्हणून आधी दंततपासणी व बाजूने काढलेले क्ष-किरण चित्र आवश्यक असते. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत सामान्यतः थांबतात.

नाक मोठे असल्याची तक्रार पुष्कळदा हनुवटी लहान असल्यामुळे उद्भवते. त्यामुळे नाकाची शस्त्रक्रिया करताना हनुवटीचाही विचार केला जातो.

== पद्धती ==
छेद हनुवटीखालच्या त्वचेवर किंवा तोंडात, खालचा ओठ व हिरडी यांमधील खाचेत घेतात. पहिल्यात बारीक व्रण राहतो. दुसऱ्यात तो दिसत नाही, परंतु जखमेचा तोंडातील जंतूंशी संपर्क येतो. हाडावरील आवरण उचलून तयार केलेल्या कप्प्यात तुकडा बसवतात. या वेळी हनुवटीच्या चेतेला जपावे लागते. तिचे ‘मेंटल’ हे नाव हनुवटी या अर्थाच्या लॅटिन ‘मेंटम’वरून आले आहे, मनाशी त्याचा संबंध नाही. उपदाढांच्या मुळांखाली ती हाडातून बाहेर पडते आणि खालचा ओठ व हनुवटी यांना संवेदना पुरवते.

रोपणाऐवजी हनुवटीचे हाडच आडवे कापून पुढे सरकवता येते व पट्टी-स्क्रूने स्थिर करता येते. ही शस्त्रक्रिया मोठी असली, तरी तीत परका पदार्थ केवळ पट्टी-स्क्रूपुरताच उरतो व हनुवटीची उंचीही बदलता येते.

== गुंतागुंत ==
जंतुसंसर्ग, तुकडा सरकणे, दोन्ही बाजू असमान दिसणे व बधिरता हे प्रमुख धोके आहेत. बधिरता बहुधा काही आठवड्यांत ओसरते, क्वचित कायम राहते. तुकड्याच्या दाबाने खालचे हाड काही प्रमाणात झिजू शकते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही.

== शस्त्रक्रियेनंतर ==
पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते. त्या काळात हनुवटी अपेक्षेपेक्षा मोठी दिसते आणि आपला निर्णय चुकला, असे अनेकांना वाटते. तेव्हाचे आरशातील रूप अंतिम नसते. बरीचशी सूज दोन आठवड्यांत उतरते, उरलेली जाण्यास दोन-तीन महिने लागतात. ओठ ताठरल्याने हसताना व बोलताना काही काळ अवघडल्यासारखे होते.

या काळात डोके उंच ठेवून झोपावे. काही दिवस मऊ भात, खिमटी, ताक असा फार न चावावा लागणारा आहार घ्यावा. तोंडात टाके असल्यास प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी. तंबाखू व धूम्रपान वर्ज्य असते, कारण त्यामुळे जखम भरण्यास विलंब होतो. त्वचेवरचे टाके साधारण आठवड्याने काढतात. जड व्यायाम काही आठवडे आणि चेहऱ्यावर मार बसू शकेल असे खेळ त्याहून अधिक काळ टाळावेत. एका बाजूची सूज एकाएकी वाढणे, ताप येणे किंवा जखमेतून पू येणे ही तातडीने शल्यविशारदाकडे जाण्याची कारणे आहेत. संसर्ग औषधांनी न हटल्यास तुकडा काढावा लागतो.