विलायतेचं अंतर

नकाशाच्या गोलावर दोरी ताणून धरली तर मुंबई ते लंडन साधारण ७,२०० किलोमीटर भरतं. हा आकडा कधी हलला नाही. आटत गेले ते दिवस.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजाला चार-सहा महिने सहज लागत. कालव्यामुळे आणि वाफेच्या बोटींमुळे हिशेब आठवड्यांवर आला. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. तेही मार्सेलला उतरून, पुढचा पल्ला आगगाडीने गाठून. चौदा दिवस!

विमान तोवर आलं होतं, पण मुंबईला नव्हे, कराचीला. इम्पीरियल एअरवेजची १९२९ ची क्रॉयडन (लंडन)–कराची सेवा सात दिवस घेई आणि त्यातला एक टप्पा चक्क रेल्वेचा असे. कराचीला आलेली विलायतेची डाक घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी इवल्याशा ‘पस मॉथ’ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. मुंबईची विलायतेशी हवाई गाठ पडली ती अशी, टपालाच्या थैल्यांनी.

माणसांची पाळी आली ८ जून १९४८ ला. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला टेकलं. बोटीच्या दोन आठवड्यांपुढे हे दोन दिवसांच्या आतलं काम होतं.

मग १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडणारं. गंमत अशी की आजचं ड्रीमलायनरही जवळपास त्याच वेगाने जातं. पासष्ट वर्षांत वेग जागचा हलला नाही. गेले ते फक्त वाटेतले थांबे. आवाजाहून वेगवान काँकॉर्डची नियमित सेवा मुंबईला कधी लाभलीच नाही. म्हणून मला या मार्गावरची शेवटची मोठी झेप १९६० चीच वाटते. त्यानंतरची सगळी प्रगती इंधनाच्या टाकीतली आणि पायाखालच्या जागेच्या चिमटीतली.

आता थेट विमान जाताना नऊ-दहा तास घेतं. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, म्हणून तासाभराची बचत होते. मात्र ही वेळ पुन्हा वाढूही शकते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि पश्चिमेकडच्या कितीतरी उड्डाणांना वळसे पडले. दिल्लीकरांना जास्त, मुंबईकरांना कमी.

एक सूचना. तिकिटावर रात्री दोनला सुटून सकाळी सातला लंडन असं दिसलं तर पाच तासांचा प्रवास म्हणून हरखू नका. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं, हिवाळ्यात साडेपाच.