विश्व तोलायचं तर वायू मोजा

अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक समूह आहे. साध्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात काळ्या पोकळीत विखुरलेले धूसर ठिपके दिसतात, बाकी काही नाही. पण ठिपक्यांमधली ती काळी जागा रिकामी नाही. तिथे वायू भरलेला आहे, आणि समूहातल्या सगळ्या ताऱ्यांचं वस्तुमान एकत्र केलं तरी हा वायू त्याच्या कितीतरी पट भरतो.

हे कळायला १९७० साल उजाडावं लागलं. क्ष-किरण आपल्या वातावरणातून खाली पोचतच नाहीत, त्यामुळे उपकरण वर न्यावं लागतं. त्या वर्षी १२ डिसेंबरला केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातल्या तळावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सुटला. क्ष-किरणांत अख्खं आकाश धुंडाळणारा तो पहिला. त्याला कन्या, ययाती आणि अरुंधती केश या दिशांच्या दीर्घिकासमूहांतून क्ष-किरण येताना दिसले, आणि तेही एखाद्या बिंदूतून नव्हे, तर लाखो प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यातून. या मोहिमेचे प्रमुख रिकार्डो जियाकोनी यांना २००२मध्ये नोबेल मिळालं.

हा वायू कमालीचा विरळ असतो. समूहाच्या गाभ्यापासून थोडं दूर गेलं, की एक लिटर जागेत जेमतेम एखादा कण सापडतो. तापमान मात्र एक ते दहा कोटी अंश. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने आत खेचला जाताना तो इतका तापतो, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. असा सुटा इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना वळतो, वेग गमावतो आणि तेवढी ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपात बाहेर टाकतो. १९९९मध्ये अवकाशात गेलेली ‘चंद्रा’ दुर्बीण असा एकेक क्ष-किरण टिपते. तो कुठून आला, केव्हा आला आणि त्याची ऊर्जा किती, याची नोंद ठेवते. या नोंदींवरून वायू किती आहे आणि किती तापलेला आहे, ते ठरतं.

तापमान कळलं की समूहाचं एकूण वस्तुमान काढता येतं. एवढा तापलेला वायू खरं तर केव्हाच उधळून जायचा. तो टिकून आहे, म्हणजे त्याला धरून ठेवणारं गुरुत्वाकर्षण तेवढं जबर असलं पाहिजे. हिशेब केला की ताऱ्यांचा वाटा जेमतेम काही टक्के, वायूचा साधारण आठवा हिस्सा, आणि उरलेलं सगळं न दिसणारं कृष्णद्रव्य. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३मध्ये याच अरुंधती केशातल्या दीर्घिकांचे वेग पाहून कृष्णद्रव्याची शंका घेतली होती.

आता या सगळ्यातून विश्वाचं प्रसरण कसं मोजायचं? समूह इतक्या मोठ्या पसाऱ्यातून गोळा होतो, की त्यातलं साध्या द्रव्याचं आणि कृष्णद्रव्याचं प्रमाण साऱ्या विश्वातल्या प्रमाणाइतकंच असायला हवं. म्हणजे समूह जवळचा घ्या की दूरचा, वायूचा वाटा सारखाच निघाला पाहिजे. पण गणितात हा वाटा आपण समूह किती दूर धरतो यावर ठरतो. अंतर जास्त धरलं तर वायूचा वाटा वाढतो, कमी धरलं तर घटतो. आणि दूरच्या समूहाचं अंतर ठरवताना विश्व आजवर कोणत्या वेगाने प्रसरण पावलं, हे आधी गृहीत धरावं लागतं. गृहीतक चुकलं, की दूर जावं तसा वायूचा वाटा बदलताना दिसतो.

केंब्रिजच्या स्टीव्ह ॲलन यांच्या गटाने २००४मध्ये ‘चंद्रा’ने पाहिलेल्या २६ समूहांवर हीच कसोटी लावली. सगळीकडे वायूचा वाटा सारखा यायचा, तर विश्वाचं प्रसरण आधी मंदावत गेलं आणि सुमारे सहाशे कोटी वर्षांपूर्वी पुन्हा वेग घेऊ लागलं, असं मानावं लागत होतं. १९९८मध्ये अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, हाच निष्कर्ष निघाला होता. दोन्हींच्या पद्धतींमध्ये साम्य जवळपास नाही, म्हणून माझ्या मते या पुराव्याचं मोल मोठं आहे.

मात्र या हिशेबात वायू शांत आहे, असं धरलेलं असतं. जपानच्या ‘हितोमी’ या क्ष-किरण उपग्रहाने २०१६मध्ये ययातीतल्या समूहाच्या गाभ्यात वायूची खळबळ सेकंदाला फक्त १६४ किलोमीटर मोजली, तेव्हा समूह तोलणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. दुर्दैवाने तो उपग्रह उड्डाणानंतर सहा आठवड्यांच्या आतच हातचा गेला. पण सगळेच समूह असे शांत नसतात. भुजंगधारीतल्या एका समूहात ‘चंद्रा’ला वायूची एक विचित्र वक्र कड दिसली होती. हा स्फोटाने खोदलेल्या पोकळीचा काठ असेल, तर तो स्फोट अविश्वसनीय मोठा असणार, म्हणून ती शक्यता आधी बाजूला ठेवली गेली. मग रेडिओ निरीक्षणं तपासली. त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचीही निरीक्षणं होती. पोकळी रेडिओ लहरींनी भरलेली निघाली. मध्यभागीच्या कृष्णविवराने घडवलेला तो स्फोट तोवर माहीत असलेल्यांत सर्वांत मोठा होता, हे २०२०मध्ये जाहीर झालं.

एकेक समूह असा दगा देऊ शकतो, म्हणून हजारोंनी मोजायला हवेत. गुरुत्वाकर्षण द्रव्य गोळा करतं, प्रसरण ते पांगवतं. या रस्सीखेचीत कोणत्या काळात कोण वरचढ होतं, ते त्या त्या काळातल्या जड समूहांच्या संख्येवरून कळतं. २०१९मध्ये गेलेल्या ‘ई-रोझिटा’ या जर्मन दुर्बिणीने हेच काम हाती घेतलं. २०२४मध्ये तिच्या ५,२५९ समूहांवरून निष्कर्ष आला: विश्वाच्या एकूण जमेत द्रव्य सुमारे २९ टक्के. महास्फोटानंतरच्या अवशिष्ट प्रारणावरून काढलेल्या चित्राशी हे जुळतं.

हे सगळं आलं ते आकाशाच्या पहिल्या, सहा महिन्यांच्या फेरीतून. ठरल्या होत्या आठ फेऱ्या. दुर्बीण रशियन यानावर असल्यामुळे युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, फेब्रुवारी २०२२मध्ये, जर्मनीने तिचं काम थांबवलं. तेव्हा चार फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या आणि पाचवी अर्ध्यावर होती. उरलेल्या फेऱ्या पूर्ण व्हायलाच हव्यात.