बोलून चालणाऱ्या साधनांचा पडदा कसा असावा?



मोबाईलला तोंडी प्रश्न विचारण्याची सोय आता खेडोपाडी पोचली आहे. २०१४ साली अ‍ॅमेझॉन कंपनीचे ‘इको’ हे साधन आले, तेव्हा त्याला पडदा नव्हता. प्रश्न तोंडी आणि उत्तरही तोंडी. २०१७ मध्ये त्याच कंपनीने ७ इंची पडद्याचे ‘इको शो’ आणले. आपल्याकडे २०२३ साली केंद्र शासनाने पीएम-किसान योजनेच्या चौकशीसाठी बोलून विचारता येणारी ‘किसान ई-मित्र’ ही सेवा सुरू केली.

बोलून काम होते, तर पडदा कशाला? कारण बोललेले विरून जाते, पडद्यावरचे थांबते. खताची मात्रा, तारीख, रक्कम या गोष्टी एकदा ऐकून ध्यानात राहत नाहीत. म्हणून अशा साधनाचा पडदा पुढील चार कसोट्यांवर पारखून घ्यावा.

१) साधन ऐकत आहे का?

आपण बोलू लागताच पडद्यावर ‘ऐकत आहे’ अशी स्पष्ट खूण दिसावी व बोलणे थांबताच ती बदलावी. केवळ रंग बदलणे पुरेसे नाही. सोबत शब्दही असावा. ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत, त्यांची त्यामुळे सोय होते.

२) काय ऐकले?

साधन आवाजावरून शब्दांचा अंदाज बांधते. वारा, पंपाचा आवाज किंवा बोलीतील फरक यामुळे अंदाज चुकतो. ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ हे शब्द कानाला जवळचे, पण मात्रेत अंतर चौपटीहून अधिक! शिवाय चुकीचे उत्तरही साधन तेवढ्याच ठामपणे सांगते. म्हणून आपला प्रश्न पडद्यावर देवनागरीत, संख्या अंकांत दिसावी आणि चूक असल्यास ती तेथेच दुरुस्त करता यावी.

३) उत्तर कोणत्या मापात?

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. साधनाने नुसते ‘१२० किलो नत्र’ सांगितले आणि आपण ते एकराला धरले, तर काय होईल? एकरी लागते सुमारे ४८ किलो नत्र, म्हणजे सर्व नत्र युरियातून दिल्यास १०४ किलो युरिया. प्रत्यक्षात पडेल २६१ किलो. ४५ किलोच्या साडेतीन गोण्या वाया जातील, शिवाय नत्र जास्त झाल्याने पीक माजून लोळेल. यासाठी प्रत्येक आकड्याशेजारी ‘प्रति एकर’ किंवा ‘प्रति हेक्टर’ असे पूर्ण लिहिलेले असावे. तोंडी उत्तर थोडक्यात द्यावे; सविस्तर तक्ता पडद्यावर राहावा आणि आपण बंद करेपर्यंत तो पुसला जाऊ नये.

४) निवड कशी करायची?

एका प्रश्नाला अनेक पर्याय असतील, तर ते मोजकेच दाखवावेत व त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यावेत. मग लांबलचक नाव न उच्चारता ‘दुसरा’ म्हटले की काम होते. अँड्रॉइड फोनमधील ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’ या सोयीत पडद्यावरील बटणांना असेच क्रमांक दिसतात. हात चिखलाने भरलेले असताना ही पद्धत फार उपयोगी पडते. बटणावर लिहिलेला शब्दच तोंडी आज्ञा म्हणून चालावा. लिहिलेले एक आणि म्हणायचे दुसरे, असे नसावे.

उन्हात वाचता येईल का?

पडद्याची पारख घरात न करता शेतात, भर दुपारी करावी. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे उन्हात दिसत नाहीत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ असे प्रमाण असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. साध्या शब्दांत, पांढऱ्यावर ठळक काळी, मोठी अक्षरे उत्तम.

एवढे अवश्य करा

• प्रश्न विचारताना पिकाचे नाव, क्षेत्र व माप स्पष्ट सांगा.
• उत्तरावर जाण्याआधी पडद्यावर आलेला आपला प्रश्न वाचा.
• आकड्याशेजारी माप नसेल, तर त्या उत्तरावर खत किंवा औषध खरेदी करू नका.
• फवारणीपूर्वी मात्रा डब्यावरील लेबलाशी व कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून पाहा.
• वाचता येत नसल्यास घरातील शिकलेल्या मुलामुलीकडून पडदा वाचून घ्या.
• गावात अशा साधनाचे प्रात्यक्षिक झाल्यास वरील चार प्रश्न तेथेच विचारा. बनवणाऱ्यांना आपली अडचण कळली, तरच पडद्यात सुधारणा होईल.

साधनाशी बोला जरूर. मात्र मात्रा ठरवा ती पडद्यावर वाचून आणि पडताळूनच.