केंब्रियन पर्वत : ओसाड दिसणाऱ्या डोंगरांची ओळख



ब्रिटनच्या नकाशात डाव्या बाजूला वेल्स हा छोटा देश आहे. त्याच्या मधोमध एक तपकिरी पट्टा दिसतो. त्यात गावांची नावे फार कमी, रस्तेही मोजकेच. हे केंब्रियन पर्वत. काही लोक याला 'वेल्सचे हिरवे वाळवंट' म्हणतात. मुलांना हा नकाशा दाखवला की पटकन उत्तर येते, "इथे काहीच नाही." आजचा पाठ या 'काहीच नाही' बद्दलच आहे.

मूरलँड म्हणजे काय?

मूरलँड म्हणजे उंचावरचा उघडा, झाडे जवळजवळ नसलेला, गवत आणि खुरट्या झुडपांचा प्रदेश. आपल्या कोकणातला सडा डोळ्यासमोर आणला तर थोडी कल्पना येते. पण एक मोठा फरक आहे. आपला सडा उन्हाळ्यात तापून कोरडा ठणठणीत होतो. मूर मात्र बहुतेक वर्षभर ओलाच असतो.

याचे कारण पायाखाली आहे. थंड हवा आणि सततचा पाऊस यामुळे तिथे मेलेले गवत, शेवाळ पूर्ण कुजतच नाही. ते थरावर थर साचत जाते आणि त्याची काळी, भुसभुशीत माती बनते. तिला पीट म्हणतात. हा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे १ मीटर पीट तयार व्हायला किती वर्षे लागली असतील? मुलांना गणित घालून बघा. वर वाढणारे स्फॅग्नम नावाचे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. थोडक्यात, हा डोंगर म्हणजे ओला स्पंजच. शिवाय न कुजलेल्या वनस्पतींमधला कार्बनही पीटमध्ये अडकून राहतो. चर खणून पीट सुकवले तर पाणी लवकर वाहून जाते आणि तो कार्बन हवेत जायला लागतो.

एक डोंगर, तीन नद्या

या रांगेतले सर्वांत उंच शिखर प्लिनलिमन, ७५२ मीटर. वेल्श लोक त्याला पिमलिमॉन म्हणतात. उंची फार नाही, पण याच डोंगरावर सेव्हर्न, वाय आणि रायडॉल या तीन नद्या उगम पावतात. सेव्हर्न ही ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी, सुमारे ३५४ किलोमीटर. ती मोठा वळसा घालून इंग्लंडमधून समुद्राला मिळते. रायडॉल मात्र पश्चिमेकडे उतरून सुमारे ३० किलोमीटरमध्येच समुद्र गाठते. तिथली लोककथा सांगते, की या तिघी बहिणी. समुद्राकडे जायला प्रत्येकीने आपापली वाट निवडली. जलविभाजक शिकवताना ही गोष्ट छान उपयोगी पडते.

१९६० च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी इथे एक प्रयोग सुरू केला. सेव्हर्नच्या उगमाकडे सूचिपर्णी झाडांची लागवड होती, वायच्या उगमाकडे गवताळ कुरण. शेजारी शेजारी असूनही झाडांच्या भागातून पाणी जास्त वाया जात होते. फांद्यांवर अडकलेला पाऊस तिथूनच वाफ होऊन उडून जायचा. 'झाडे लावली की नदीचे पाणी वाढते' हे वाक्य सगळीकडे सारखे लागू होत नाही, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

एलान खोरे : पाणी कुणाचे?

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम शहर झपाट्याने वाढले. खराब पाण्यामुळे तिथे साथी पसरायच्या. शहराने स्वच्छ पाण्यासाठी याच डोंगरातले एलान खोरे निवडले. १८९३ मध्ये काम सुरू झाले आणि १९०४ मध्ये राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. पाणी सुमारे ११८ किलोमीटर दूर न्यायचे, तेही पंपाशिवाय! दोन टोकांच्या उंचीत फरक फक्त ५२ मीटर. म्हणजे साधारण २३०० मीटर अंतराला १ मीटर उतार. पाण्याला पोहोचायला सुमारे दीड दिवस लागतो.

शहराची तहान भागली. पण खोऱ्यात राहणाऱ्या शंभराहून जास्त माणसांना घरे सोडावी लागली. नुकसानभरपाई मिळाली ती जमीनमालकांना, कुळांना नाही. शेतघरे गेली, एक चर्च गेले आणि एक शाळाही गेली. मोठ्या दुष्काळात पाणी खूप उतरले की जुन्या वाड्याच्या बागेच्या भिंती अजून वर दिसतात. 'ओसाड' दिसणारी ही जागा काही अंशी अशी ओसाड झालेली आहे, हे विसरून कसे चालेल?

आसपास काय बघाल?

* डेव्हिल्स ब्रिज : एकाच घळीवर एकावर एक बांधलेले तीन पूल. सर्वांत खालचा मध्ययुगातला, मधला १७५३ चा, वरचा लोखंडी १९०१ चा. ॲबरिस्टविथहून इथवर वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे येते. ती १९०२ पासूनची आहे.
* रेयडर : या गावाजवळ लाल घारींना रोज खाणे घातले जाते. एकेकाळी ब्रिटनभर शिकार होऊन हा पक्षी जवळजवळ संपला होता. काही जोड्या फक्त मध्य वेल्सच्या या दऱ्यांत टिकून राहिल्या.
* रात्रीचे आकाश : दिव्यांचा झगमगाट नसल्याने एलान खोऱ्याला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' चा दर्जा मिळाला.

कुणाचे नातेवाईक तिकडे असतील आणि जायचा योग आला, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. धुके अचानक उतरते, फोनला सगळीकडे रेंज नसते आणि हिरवीगार दिसणारी जमीन पाय ठेवताच खचू शकते. कागदी नकाशा, होकायंत्र आणि पाण्यात टिकणारे बूट हवेतच.

वर्गात घेण्यासाठी

१. स्पंजचा एक ओला आणि एक अगदी कोरडा तुकडा घ्या. दोन्ही थोडे तिरके ठेवून दोन्हींवर सारखेच पाणी हळूहळू ओता. कुठून पाणी आधी वाहते? का?
२. ११८ किलोमीटर अंतर ३६ तासांत, तर पाण्याचा ताशी वेग किती? तुम्ही चालता त्यापेक्षा कमी की जास्त?
३. बर्मिंगहॅममधला मुलगा आणि बुडालेल्या शाळेतली मुलगी यांचा संवाद लिहा.

तिसरा प्रश्न घेताना घाई करू नका. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि मुलांना त्यातून वाट काढायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ द्या. पुढच्या वेळी नकाशावर मोकळी जागा दिसली, की "इथे काहीच नाही" म्हणण्याऐवजी मुले विचारतील, "इथे काय आहे? आणि आधी कोण होते?"