लिनक्स बंद होता होता अडकते तेव्हा

• लॉगआउट की शटडाउन? लॉगआउटमध्ये फक्त वापरकर्त्याचे सत्र संपते. शटडाउनमध्ये सगळ्या सेवा थांबतात, मग यंत्र बंद होते.

• ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’: पडद्यावर ही ओळ आणि पुढे सरकणारे सेकंद दिसले, म्हणजे एखादी सेवा थांबत नाहीये. सेवा सुरू-बंद करणारी सिस्टमडी ही प्रणाली (पहिली आवृत्ती २०१०) तिला आधी थांबण्याचा संकेत देते, सहसा ९० सेकंद वाट पाहते, नंतर सक्तीने संपवते. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ३८व्या आवृत्तीने (२०२३) ही मुदत ४५ सेकंदांवर आणली. ओळीतले सेवेचे नाव जरूर टिपावे. खरा धागा तोच.

• नोंदी: यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ ही आज्ञा मागच्या वेळच्या नोंदी दाखवते. शेवटच्या ओळी आधी वाचाव्यात.

• पॉवर बटण दाबून धरणे: अगदी शेवटचा उपाय. डिस्कवर न उतरलेली माहिती जाते.