सरकारी म्हणजे समाजवादी? एंगल्सला विचारा

१९६९ साली इंदिरा गांधींनी १४ बँका ताब्यात घेतल्या, म्हणजे समाजवाद आला. पुढे सरकारी कंपन्या विकायला काढल्या, म्हणजे तो गेला. हे समीकरण उजवे हिणवायला वापरतात, डावे मिरवायला. मार्क्सवाद्यांच्या मूळ लिखाणात मात्र त्याची टरच उडवलेली सापडते.

बिस्मार्कने प्रशियातले रेल्वेमार्ग सरकारकडे घेतले, तर काहींना त्यातही समाजवाद दिसला. मार्क्सचा सहकारी एंगल्स वैतागला. ‘अँटी-ड्यूरिंग’मधून काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तिकेत एक तळटीप आहे, ती मुळातून वाचावी. बिस्मार्कला युद्धात रेल्वे हाताशी हवी होती, कर्मचाऱ्यांची मतं खिशात हवी होती आणि संसदेपुढे हात न पसरता मिळणारं उत्पन्न हवं होतं. तंबाखूचा धंदा सरकारजमा करणं हा समाजवाद असेल, तर नेपोलियन आणि मेटरनिखलाही त्याचे संस्थापक म्हणा, असा टोलाही तो हाणतो.

त्याचा मुद्दा साधा आहे. मालक बदलला, मजूर मजूरच राहिला. सरकारच मोठा भांडवलदार झालं. सरकारी मालकीने प्रश्न सुटत नाही, फक्त तो सोडवण्याची साधनं तयार होतात, असं एंगल्स म्हणतो. आपल्याकडे साधनालाच उत्तर समजून हार घालतात!

सरकारच भांडवलदार असलेली ही ‘राज्य भांडवलशाही’ म्हणजे निव्वळ शिवी, हाही भ्रमच. मे १९१८ मध्ये लेनिनने पक्षातल्या डाव्यांना ठणकावलं, की छोट्या शेतकऱ्यांच्या रशियात ती पुढचं पाऊल ठरेल, तिचे धडे जर्मनीकडून घ्या. १९२१ मध्ये धान्यकरावरच्या पुस्तिकेत त्याने तोच उतारा पुन्हा छापला.

नावांचाही असाच घोळ आहे. ‘समाजवाद’ आणि ‘साम्यवाद’ ही भांडवलशाहीनंतरच्या दोन टप्प्यांची नावं मार्क्सची नव्हेत. १८७५ मध्ये तो साम्यवादी समाजाच्याच खालच्या-वरच्या अवस्थांबद्दल बोलतो. नावांची वाटणी लेनिनने रूढ केली.

आणि ट्रॉट्स्कीने स्टालिनच्या रशियाला राज्य भांडवलशाही ठरवलं, असं कृपया लिहू नका. त्याने ते नाकारलं. नोकरशहाकडे विकायला किंवा मुलाच्या नावे करायला शेअर नाहीत, तेव्हा नोकरशाही हा भांडवलदार वर्ग कसला? त्याच्या लेखी ते बिघडलेलं कामगार राज्यच होतं. त्याच्याच परंपरेतल्या टोनी क्लिफने १९४८ मध्ये उलट बाजू मांडली: पश्चिमेशी शस्त्रस्पर्धा करायची म्हणून रशियाला कामगार पिळून भांडवल साठवावंच लागतं. मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ हिल्फरडिंगने तर १९४० मध्येच दोन्ही पाट्या उतरवल्या होत्या. किमती बाजार नव्हे, नियोजन मंडळ ठरवतं, मग ती भांडवलशाही कशी? आणि हुकूमशाही असताना समाजवाद तरी कसा?