उजवीकडून डावीकडे

हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब उजव्या बाजूने शिरून मोजायचा, हा उफराटा उद्योग स्वान-गान्झ कॅथेटर करतो. लांबी 110 सेंटिमीटर, जाडी साधारण सव्वादोन मिलिमीटर आणि टोकाशी दीड मिलिलिटर हवेने बोराएवढा फुगणारा फुगा.

हृदयात नळी घालता येते, हे वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने 1929 साली स्वतःवरच करून दाखवले. कोपरापाशी शीर उघडून 65 सेंटिमीटर नळी आत सारली आणि तशाच अवस्थेत जिना उतरून तो एक्स-रे काढायला गेला. कुर्नां आणि रिचर्ड्स या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये त्या धाडसाचे शास्त्र केले. तिघांना 1956 साली नोबेल मिळाले. पण नळी वळवत नेण्यासाठी एक्स-रेचा पडदा लागायचा, आणि अत्यवस्थ रुग्णाला खाटेवरून हलवायचे कसे? लॉस एंजेलिसच्या जेरेमी स्वान यांना उत्तर सुचले ते समुद्रकिनारी, फुगलेल्या शिडाची होडी पाहून. विल्यम गान्झ यांच्या साथीने त्यांनी शिडाच्या जागी फुगा बसवला. 1970 पासून रक्ताचा प्रवाहच नळीला वाहून नेऊ लागला.

नळी कुठे पोचली, हे मॉनिटरवरची रेघ सांगते. उजव्या कर्णिकेत बुटक्या लाटा, दाब 2 ते 6 मिलिमीटर पारा. जवनिकेत एकदम उंच सुळके, 25 पर्यंत. फुप्फुसाच्या धमनीत वरचा आकडा तोच, पण खालचा शून्याकडे न कोसळता दहाच्या आसपास थांबतो. मग फुगा एका फांदीत अडकतो आणि मागून येणारे रक्त थांबते. पुढे डाव्या कर्णिकेपर्यंत झडप नसलेला, स्थिर रक्ताचा सलग स्तंभ उरतो. पलीकडचा दाब अलीकडे कळतो. यालाच ‘वेज’ म्हणतात. निरोगी माणसात तो 6 ते 12 मिलिमीटर पारा.

खरी गोम मात्र शरीराबाहेर आहे. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची लेव्हल काढतो, तोच न्याय इथे. सलाईनने भरलेल्या नळीच्या बाहेरच्या टोकाशी दाब टिपणारा ट्रान्सड्युसर असतो. तो रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर, चौथ्या-पाचव्या बरगडीमधल्या फटीशी, छातीच्या निम्म्या खोलीवर धरून ‘झीरो’ करायचा. तो दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा सात-साडेसातने फुगतो. दहाचा वेज सतरा दिसतो आणि धडधाकट फुप्फुसात पाणी साचल्याची शंका येते. कुणी खाट वरखाली केली की लेव्हल पुन्हा पाहायची. आकडाही श्वास सोडून संपतानाचाच घ्यायचा, कारण छातीतला दाब श्वासागणिक हलतो.

एकेकाळी आयसीयूत ही नळी सर्रास घातली जाई. मग 1996 साली, ती घातलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू जास्त दिसल्याचा अभ्यास आला. पुढच्या चाचण्यांतही सरसकट वापराने जीव वाचल्याचे दिसले नाही. माझ्या मते त्यात नळीइतकाच दोष आकड्यावरच्या भाबड्या विश्वासाचा असावा. फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब तपासताना किंवा हृदयरोपणाआधी मात्र अजूनही तिचीच आठवण होते.

वेज लिहून झाला की फुगा लगेच सोडायचा. विसरून तसाच राहिला, तर फुप्फुसाचा तेवढा तुकडा रक्ताविना मरू शकतो. म्हणून नर्सची नजर रेघेवर असते: सपाट झालेली रेघ पुन्हा धमनीच्या लाटा दाखवू लागेपर्यंत.